मार्लिसचं लांबलचक उत्तर

मार्लिस वोयाकने सतराव्या वर्षी शाळा सोडली, ती गरिबीमुळे नव्हे आणि बापाच्या आजारपणामुळेही नव्हे. कोणी तशी करुण कहाणी रचायला लागलं, तर ती मध्येच तोडते. झालं होतं ते एवढंच, की कवायतीच्या मास्तरांना तिने सगळ्या वर्गासमोर म्हटलं, ‘‘तुम्ही एकदा स्वतः पळून दाखवा की!’’ मुख्याध्यापक म्हणाले, माफी माग. ही म्हणाली, आधी त्यांना पळू दे. मग दप्तर उचललं आणि चालायला लागली. मास्तर गेले, मुख्याध्यापकही गेले, माफी अजून बाकी आहे.

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण मी तिचा शेजारी. विस्कॉन्सिनमधल्या कोझेल क्रीक गावात आमच्या दोन घरांच्या मध्ये लायलॅकच्या झुडपांचं कुंपण आहे आणि ते मी मुद्दाम बुटकं ठेवलं आहे. बायको म्हणते, ते कुंपण नाही, तुझी खिडकी आहे. असो.

गंमत अशी, की ज्या शाळेतून ही बाई तरातरा बाहेर पडली, त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात पुढे तिची हयात गेली. गावातली अर्धीअधिक माणसं तिच्या हातचे कुस्करलेले बटाटे आणि रस्सा खाऊन वाढली. गेल्या उन्हाळ्यात तिथली मुख्य आचारीण एडना गुडघे दुखतात म्हणून निवृत्त झाली. आता तिच्या जागी मार्लिसच येणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. आणि तेवढ्यात शाळांचे अधीक्षक हॉल्ट्झसाहेब यांनी नियम बाहेर काढला. मुख्य आचाऱ्याकडे शाळा पूर्ण केल्याचा दाखला हवा. नसेल तर मोठ्या माणसांसाठीची ती परीक्षा असते, ती तरी पास हवी. नाताळच्या सुट्टीपर्यंत पास झालात तर जागा तुमची, नाहीतर बाहेरून माणूस आणू.

‘‘बाहेरून म्हणजे कुठून?’’ मार्लिसने विचारलं.

‘‘अर्ज आलेत,’’ साहेब म्हणाले. ‘‘एक जण तर हॉटेलात होता.’’

‘‘हॉटेलात होता म्हणजे भुकेल्या माणसाला थांबवून ठेवायची सवय असेल,’’ मार्लिस म्हणाली. ‘‘आमच्याकडे पोरं घंटेला येतात.’’

परीक्षेचे चार विषय. गणित तिने झोपेत सोडवलं म्हणा, विज्ञान आणि इतिहास रडतखडत का होईना निघाले. अडलं ते इंग्रजीत. आपली मातृभाषा! रोज अखंड बोलते ती. त्यातही धडे वाचून उत्तरं द्यायची होती तिथे ठीक, क्रियापदं आणि स्वल्पविरामही ती कानाने ओळखायची. पण एक प्रकार होता, ‘खालील वाक्य सुधारा’. वाक्य द्यायचं, त्याखाली चार पर्याय, उत्तम तो निवडायचा. तिथे बाई सपाटून आपटायची. सप्टेंबरात पहिल्यांदा बसली आणि नापास झाली.

दर मंगळवारी वाचनालयात मोठ्या माणसांना शिकवायला ओडेगार्डबाई येतात. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून झालंय, आता फुकट शिकवतात आणि जास्त ओरडतात. त्यांनी मार्लिसच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात मांडल्या आणि कपाळाला हात लावला.

‘‘मार्लिस, तू दर वेळी सगळ्यात लांब पर्याय निवडतेस. डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी चारात एक बरोबर आला असता!’’

‘‘लांबलचकच चांगला असतो.’’

‘‘हे बघ. ‘सकाळच्या वेळी, म्हणजे दुपार होण्याच्या आधी, समितीतले सगळे सभासद एका ठिकाणी एकत्र जमले आणि त्यांनी मिळून आपली बैठक घेतली.’ आणि हा पर्याय बघ. ‘सकाळी समितीची बैठक झाली.’ यातलं चांगलं कोणतं?’’

‘‘बैठक झाली,’’ मार्लिसने तोंड वाकडं केलं. ‘‘एवढंच सांगून माणूस चालता होतो का? घरचे काय शिकवतात मग?’’

ओडेगार्डबाईंनी प्रश्नपत्रिका गोळा केल्या. त्यांना काही कळेना. कळलं ते पुढच्या आठवड्यात, मार्लिसने त्यांना घरी जेवायला बोलावलं तेव्हा. मी कुंपणाशी पानं गोळा करत होतो, म्हणजे पानं नव्हती तरी करत होतो, त्यामुळे सगळं पाहिलं. आमच्याकडे निघणं म्हणजे काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आधी मांडीवर थाप मारून ‘‘बरं तर मग’’ म्हणायचं. मग उठायचं आणि खुर्चीमागे उभं राहून बोलायचं. मग दारात. मग पायरीवर, डब्यात उरलेलं भरून घेत. मग गाडीशी. मग गाडीत बसून काच खाली करून, आणि गाडी मागे घेताना हरणं रस्त्यात येतात, सांभाळून जा, हे दोन्ही बाजूंनी दोनदा. ओडेगार्डबाई जेवून उठल्या तेव्हा ऊन होतं, गाडी हलली तेव्हा दिवे लागले होते.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि करकचून थांबली. बाई काच खाली करून ओरडल्या, ‘‘मार्लिस! तुला ती आखूड वाक्यं उर्मट वाटतात का ग?’’

‘‘उर्मटच आहेत ती! निरोप न घेता उठून गेल्यासारखी.’’

‘‘अग, परीक्षेला उर्मटच आवडतं! तुझ्या ओळखीचं सगळ्यात उर्मट माणूस कोण?’’

मार्लिसला विचार करावाच लागला नाही. ‘‘पॅट्रीस.’’

पॅट्रीस ही तिची नणंद, नवरा गसची धाकटी बहीण. शिकागोत राहते, शेजारच्या राज्यातल्या मोठ्या, घाईच्या शहरात. विस्कॉन्सिनमध्ये एवढं सांगितलं की माणसं मान डोलावतात, बाकीचं आपोआप कळतं. पण पॅट्रीस तिथल्या मानानेही जरा जास्तच. सणाला येते, जेवते, ‘‘छान होतं’’ म्हणते आणि कोट घालून निघते. डबा नाही, पायरी नाही, काच खाली नाही. एकदा तर गस हातात सफरचंदाच्या गोड पाईचा तुकडा घेऊन रस्त्यापर्यंत धावला होता. तिने आरशात हात हलवला.

‘‘झालं तर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘प्रत्येक प्रश्नाला विचार, पॅट्रीस काय म्हणेल? त्यावरच खूण कर.’’

आणि काय सांगू, पालथ्या घड्यावर एकदम पाणी थांबायला लागलं. दर शुक्रवारी आम्ही लायलच्या बारमध्ये तळलेला मासा खायला जातो, सगळं गावच जातं. मासा येईपर्यंत वेळ असतो. मी मार्लिसच्या पुस्तकातला प्रश्न मोठ्याने वाचायचो आणि टेबलावरचे सगळे ओरडायचे, ‘‘पॅट्रीस काय म्हणेल?’’ मग शेजारच्या टेबलावरचे ओरडायला लागले. मग सगळा बार. लोकांनी नणंदबाईला पाहिलेलं नव्हतं, पण ऑक्टोबर संपेपर्यंत ती आमच्या गावाची म्हणच होऊन बसली. कोणी फार पाल्हाळ लावला की दुसरा म्हणायचा, जरा पॅट्रीस कर.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला त्या शुक्रवारी बार खच्चून भरला होता. मी खुर्चीवर उभा राहून वाचलं, ‘‘ ‘आमच्या कार्यालयाच्या वतीने आपणांस याद्वारे कळवण्यात येते, की आपण पाठवलेला अर्ज आमच्यापर्यंत येऊन पोचलेला आहे.’ पॅट्रीस काय म्हणेल?’’

‘‘अर्ज मिळाला,’’ दारातून आवाज आला.

वळून पाहिलं तर काळा कोट घातलेली, केस बारीक कापलेली बाई. मागे गस, चेहरा पांढराफटक. ती सणासाठी आली होती, तो तिला स्टेशनवरून घेऊन आला होता आणि तिला बारमध्ये आणू नये एवढी अक्कल त्याला सुचली नव्हती. बारमध्ये इतकी शांतता पसरली, की तळणीतला मासा ऐकू यायला लागला. मी खुर्चीवरून सावकाश खाली उतरलो. आता कोणीतरी सारवासारव करणार, मस्करी होती म्हणणार, असं मला वाटलं. निदान मी तरी करणार होतोच.

मार्लिस उभी राहिली, हनुवटी वर. ‘‘पॅट्रीस, मी परीक्षेला बसलेय. आखूड आणि तुटक उत्तरं द्यायची असतात. मला ती येत नाहीत, म्हणून मी तुझी नक्कल करते. गेला महिनाभर करतेय. सगळं गाव करतंय.’’

‘‘का?’’

‘‘कारण तू उर्मट आहेस.’’

गसने डोळे मिटले.

पॅट्रीस टेबलापाशी आली, कोट न काढता बसली आणि पुस्तक ओढून घेतलं. ‘‘बरोबर किती येतात?’’

‘‘दहात आठ.’’

‘‘दोन का चुकतात?’’

‘‘तिथे मला दया येते.’’

‘‘पुढचं वाच,’’ पॅट्रीस मला म्हणाली. आणि मासा गार होईपर्यंत दोघी बसल्या. नणंद एकेक वाक्य ऐकायची आणि कोंबडीची मान पिरगळावी तसं त्याचं करायची. ‘‘हे नको. हेही नको. हे तर मुळीच नको.’’ मार्लिस हळहळायची आणि खूण करायची. शेवटी पॅट्रीस उठली. ‘‘पास होशील,’’ म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गसला बिल द्यायलाही वेळ मिळाला नाही, ते माझ्या गळ्यात पडलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी परीक्षा. तासाभरावरच्या शहरात तंत्र महाविद्यालय आहे, तिथे संगणकावर घेतात. गस चीजच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून मी माझ्या ट्रकमधून तिला नेलं. ती आत गेली, मी बाहेर बसून ताज्या चीजचे गोळे खात राहिलो. कुरकुर वाजतात ते, तोंडाला काम मिळतं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा असा, की माणूस जिंकून आलाय की मारामारी करून, ते कळेना.

‘‘कसा गेला?’’

‘‘सगळे प्रश्न पॅट्रीसने सोडवले. एक सोडून.’’

‘‘त्या एकाचं काय?’’

‘‘तो मला येत होता. मी मुद्दाम चुकीचा पर्याय निवडला.’’

मी ट्रक चालू केला होता, तो बंद केला. ‘‘मार्लिस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? महिनाभर आम्ही घसे फोडले ते कशासाठी?’’

‘‘ऐक तर खरं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भाषण होतं. गोठ्याला आग लागली, सगळे धावून आले, नंतर त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि आभार मानले. तो म्हणतो, ‘ज्यांनी पाण्याचे पाइप धरले, ज्यांनी गाई सोडवल्या, ज्यांनी ब्लँकेटं आणली, आणि जी बाई उजाडेपर्यंत आमच्यासाठी कॉफी करत उभी राहिली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.’ आणि विचारलंय, हे वाक्य सुधारा.’’

‘‘मग? बरोबर उत्तर काय होतं?’’

‘‘ ‘मदत करणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.’ ’’ तिने ते असं म्हटलं, की जणू ताटात माशी निघाली. ‘‘सगळ्यांचा! सगळे म्हणजे कोण रे? सगळे म्हणजे कोणीच नाही. कापाकापी सुरू झाली ना, की पाइपवाला कदाचित राहतो, गाईवाला राहतो, सगळ्यात आधी कॉफीवाली जाते. गावात आग लागली, पूर आला, कोणी वारलं, की ती कॉफी कोण करतं? मी करते. आणि मीच माझ्या हाताने मला खोडू?’’

‘‘अग, परीक्षेतली खोटी बाई ती!’’

‘‘खोटी असू दे. उभी तर होती ना रात्रभर?’’

मी ट्रक पुन्हा चालू केला. मी परत येईपर्यंत बोलत होतो, पण त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

निकाल लागला. नापास. थोडक्यात, अगदी केसभराने. आता नेमका त्या प्रश्नाने घात केला की दुसऱ्याच कशाने, हे कोणालाच सांगता येईना, कारण निकालात फक्त गुण कळतात, प्रश्न कळत नाहीत. पण मी गप्प बसणारा नव्हे. शनिवार संध्याकाळपर्यंत कॉफीवालीची गोष्ट गावभर झाली होती आणि गावात दोन तट पडले होते. लायल म्हणाला, मूर्ख बाई, जागा हातची घालवली. त्याची बायको म्हणाली, तू तर बोलूच नकोस, तुझ्या पंचविसाव्या वाढदिवसाला केक कोणी केला, ते आठवतंय का? लायलला आठवेना. त्याला तीन दिवस गार सूप मिळालं.

तिसरी संधी डिसेंबरात होती. ती हुकली तर पुन्हा बसायला दोन महिने थांबावं लागतं, म्हणजे हॉटेलवाला येऊन बसलाच. ओडेगार्डबाईंनी मार्लिसला वाचनालयात बोलावलं. मी शेजारच्या कपाटात पुस्तक शोधत होतो.

‘‘मला वचन दे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तसा प्रश्न आला, तर या वेळी कापशील.’’

‘‘नाही देत.’’

‘‘अग, ते खरं भाषण नाही! नियम येतो की नाही, एवढंच बघतात. तिथे आपलं मत मांडायचं नसतं.’’

‘‘नियम मला येतो, बाई. तुम्हीच शिकवलात. येतो म्हणूनच तो कुठे लावायचा नाही, ते कळतं.’’

‘‘मग मी कशाला शिकवतेय तुला?’’

‘‘बाकीच्या प्रश्नांसाठी!’’

बाईंनी पुस्तक असं आपटलं, की बालविभागातली पोरं सुद्धा गप्प झाली. ‘‘शेंडी तुटो की पारंबी, असली बाई मी चाळीस वर्षांत पाहिली नाही.’’

घरी गसने हात जोडले. तो साधा माणूस, त्याला भांडण सोसत नाही. म्हणाला, ‘‘एक वाक्य, मार्लिस. एकाच वाक्यावर आपलं सगळं टांगून ठेवू नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘एकच वाक्य आहे, तर मग राहू द्यावं की त्यांनी.’’ हे मी कुंपणावरून ऐकलं, खिडकी उघडी होती.

शेवटचा उपाय म्हणून मी शिकागोला फोन लावला. म्हटलं, ही ऐकेल तर नणंदेचंच. सगळी हकिगत सांगितली. शेतकरी, आग, गाई, कॉफीवाली. पलीकडे शांतता. पॅट्रीसच्या मानाने ती फारच मोठी शांतता होती, मला वाटलं फोन ठेवला.

‘‘हॅलो?’’

‘‘बरोबर केलं तिने,’’ पॅट्रीस म्हणाली आणि मग खरंच ठेवला.

हे मी मार्लिसला सांगितलं तेव्हा ती पायरीवरचं बर्फ ओढत होती. क्षणभर थांबली, फावड्यावर हात ठेवून. ‘‘एवढंच म्हणाली?’’

‘‘एवढंच.’’

‘‘बाईचं बोलणं वाढत चाललंय,’’ ती म्हणाली आणि पुन्हा बर्फ ओढायला लागली.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी असा गारठा, की ट्रकच्या काचेला आतून बर्फ. मी इंजिन चालू ठेवून बसलो, पाय बधिर झाले. ओडेगार्डबाई रागावलेल्या होत्या म्हणून आल्या नाहीत, पण सकाळपासून त्यांचे चार फोन आले. मार्लिस बाहेर आली, गाडीत बसली, हातमोजे काढले. मी काही विचारलं नाही, आणि मी न विचारणं हे आमच्या गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. मी पेट्रोल भरत असतानाच तिचा फोन वाजला. निकाल.

काचेतून ती दिसत होती. तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ, मग चष्मा काढून पुन्हा. नळी हातात तशीच धरून मी खिडकीवर टकटक केलं. तिने काच खाली केली.

‘‘पास,’’ ती म्हणाली. ‘‘चांगल्या गुणांनी.’’

मी असा ओरडलो, की पंपावरच्या माणसाने गल्ला बंद केला. मग गाडीत येऊन बसलो आणि मला राहवेना. ‘‘खरं सांग. तसला प्रश्न आलाच नाही ना?’’

‘‘आला होता.’’

‘‘आणि?’’

‘‘शाळेच्या सहलीचा वृत्तांत होता. कुठे गेले, काय पाहिलं, आणि शेवटी लिहिलं होतं, बर्फातून बस सांभाळून चालवणारे अमुकतमुक यांचेही आभार. ते वाक्य अनावश्यक आहे म्हणे, ते काढून टाका.’’ ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. ‘‘बाहेर तू कुडकुडत बसला होतास.’’

मी हातमोज्याने समोरची काच पुसली. मग पुन्हा पुसली. ती आधीच स्वच्छ होती, हे कोणाला सांगू नका.

‘‘म्हणजे परत तेच केलंस?’’ मी शेवटी म्हटलं.

‘‘परत तेच. ठेवलंय तसंच. आणि तरीही पास आहे, हे ओडेगार्डबाईंना मी स्वतः सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस.’’ तिने फोन पुन्हा उचलला आणि हॉल्ट्झसाहेबांचा नंबर शोधायला लागली. ‘‘आता चल लवकर. त्या हॉटेलवाल्याला नको म्हणून कळवायला सांगते, आणि सोमवारसाठी बटाटे मागवायचेत. एडना नेहमी कमी मागवायची.’’